निगेटिव्ह रिपोर्ट आला, पण खोकला तसाच

मागच्या अंकात दोन आठवड्यांच्या वर टिकणाऱ्या खोकल्यावर लिहिलं होतं, की अशा खोकल्याला थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे हवाच, नुसत्या सिरपवर दिवस काढू नका. त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच काळात जातात, 2020 आणि 2021. तेव्हा घरातलं अमुक दुखणं राहून गेलं, तपासणी झालीच नाही, लस चुकली, गोळ्या तुटल्या. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतलेत. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत. पहिली दोन उत्तरं लांबली आहेत कारण तिथे सांगण्यासारखं खूप होतं.

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझे मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, त्यांना शुगर आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये खोकला आणि संध्याकाळचा ताप सुरू झाला. आरटीपीसीआर दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. मग सीटी केला, डॉक्टर म्हणाले रिपोर्ट काही येऊ दे, कोविडच आहे, स्टिरॉइड दिलं. बरं वाटलं आणि काही दिवसांनी परत सुरू. दिवाळीपर्यंत तीन डॉक्टर झाले, वजन उतरून पॅन्ट राहीना, तेव्हा कुठे टीबी निघाला. सहा महिने गोळ्या पूर्ण केल्या. आता परत महिनाभर खोकला आहे, एक्स-रेत डाग दिसतोय, इथले डॉक्टर म्हणतात जुना डाग आहे, कोविडचा असेल. तेव्हा कुणालाच कसं कळलं नाही? आणि आता काय करू? मुलं दोन आहेत, बारावीला आणि सातवीला. (सातपूर)

उत्तर : ताई, आधी आत्ताचं सांगते, मागचं नंतर. महिनाभराचा खोकला, पूर्वी टीबी होऊन गेलेला आणि वर शुगर, हे तिन्ही एकत्र असताना "जुना डाग आहे" एवढ्यावर थांबायचं नाही. डाग जुना असूही शकतो, टीबी बरा झाला तरी फुफ्फुसावर वण राहतो, पण तो जुना की नवा हे एका एक्स-रेवरून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, जुनी फिल्म शेजारी लावून बघावी लागते. तेव्हा 2021-22 ची फाइल कपाटातून काढा, त्यातला उपचार संपतानाचा एक्स-रे असेल तर तो सोबत घेऊन जा, सगळ्यात कामाचा तोच.

दुसरं म्हणजे थुंकी. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट किंवा ट्रुनॅट मशीनवर ही तपासणी फुकट होते, ती टीबीचा जंतू तर शोधतेच पण रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल का तेही सांगते, आणि ज्याला एकदा टीबी होऊन गेलाय त्याच्यासाठी हे दुसरं उत्तर फार महत्त्वाचं. यात एक खाच आहे ती लक्षात ठेवा. पूर्वी टीबी झालेल्या माणसाच्या थुंकीत मेलेल्या जंतूंचे अवशेष कधीकधी बराच काळ सापडतात आणि मशीन त्यालाही पॉझिटिव्ह म्हणू शकतं, म्हणून अशा पेशंटची थुंकी कल्चरलाही पाठवायला सांगा, तिथे जिवंत जंतूच वाढतो. कल्चरला काही आठवडे लागतात, तोवर काय करायचं ते डॉक्टर एक्स-रे आणि तब्येत बघून ठरवतील.

आणि सॅम्पल नीट द्या हो. डबीत नुसती लाळ जाते आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो, असं रोज होतं. सकाळी उठल्या उठल्या, साध्या पाण्याने चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून आलेला घट्ट बेडका हवा. पातळ, फेसाळ, पारदर्शक असेल तर ती तोंडातली थुंकी, ती टाकून परत प्रयत्न करायचा. सॅम्पल उघड्यावर किंवा गच्चीत द्यायचं, बंद बाथरूममध्ये नाही, आणि मुलं तेव्हा जवळ नकोत.

मुलांना आत्ता खोकला, ताप, वजन न वाढणं यातलं काही आहे का बघा, असेल तर थांबू नका. मिस्टरांची तपासणी पॉझिटिव्ह आलीच तर घरातल्या सगळ्यांची तपासणी होते, आणि ज्यांना टीबी नाही असं पक्कं होतं त्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात. ते घ्यायला लोक कां-कूं करतात, "आजार नाही तर गोळ्या कशाला" म्हणतात. घ्या. बारावीचं वर्ष असलं तरी घ्या.

आता तेव्हा का कळलं नाही. 2021 च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात सगळ्यात जास्त कोविड पेशंट असलेल्या जिल्ह्यांत नाशिक होतं, बेड नाही, ऑक्सिजन नाही, सीटी सेंटरबाहेर रांगा. अशा दिवसांत खोकला आणि ताप घेऊन आलेल्या माणसाकडे सगळे एकच प्रश्न घेऊन बघत होते, कोविड आहे की नाही. आरटीपीसीआर फक्त त्याच प्रश्नाचं उत्तर देते. ती निगेटिव्ह आली याचा अर्थ त्या सॅम्पलमध्ये कोविडचा विषाणू सापडला नाही, बास, पुढचा प्रश्न "मग हा खोकला कशाचा" हा उरतोच आणि तो विचारायला तेव्हा कुणाकडे वेळ नव्हता. सीटीवर टीबी बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या वरच्या भागात, पोकळी पडलेली असा दिसतो आणि कोविड खालच्या बाजूला, कडेकडेने धुरकट, पण शुगरच्या पेशंटमध्ये टीबी खालीही दिसतो आणि घाईत सीटीतला कोविडच्या स्कोअरचा आकडा तेवढा वाचला जातो.

स्टिरॉइडचं तर फारच वाईट झालं. 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या औषध-चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने जीव वाचतात, पण कुणाचे, तर ज्यांना ऑक्सिजन लागतोय त्यांचे. आपल्याकडे ते घरी बसलेल्या, ऑक्सिजन नीट असलेल्या माणसांनाही दिलं गेलं. स्टिरॉइडने ताप उतरतो, भूक लागते, दोन-चार दिवस माणूस ताजातवाना वाटतो, त्यामुळे "औषध लागू पडलं" असं सगळ्यांना वाटतं, आणि आतमध्ये शुगर चढते, प्रतिकारशक्ती खाली येते, टीबीला रान मोकळं मिळतं. याच दोन गोष्टींमुळे, शुगर आणि स्टिरॉइड, त्या वर्षी म्युकरमायकोसिसनेही, म्हणजे काळ्या बुरशीनेही, लोकांचे डोळे आणि जबडे गेले. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत तुमचं काही चुकलं असं मनात आणू नका, तुम्ही तर तीन दारं ठोठावलीत. मात्र यावेळी शुगर आधी आवरा, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करा, कारण शुगर चढी असेल तर टीबी परत उलटण्याची भीती जास्त.

प्रश्न : मॅडम मी आशा आहे. 2020 ला आमच्या भागात टीबीचे पेशंट एकदम कमी झाले, तेव्हा मीटिंगमध्ये बोलणं झालं की मास्कमुळे टीबी कमी झाला. नंतर परत वाढले. मग खरंच कमी झाला होता का? दुसरं, आमचे लोक द्राक्षाच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे जातात आणि गोळ्या तुटतात, त्याला काय करावं? (सुरगाणा तालुका)

उत्तर : नाही ताई, टीबी कमी झाला नव्हता, टीबी सापडणं कमी झालं होतं. देशात 2019 मध्ये टीबीच्या साधारण 24 लाख पेशंटची नोंद झाली, 2020 मध्ये 18 लाखांच्या आसपास, म्हणजे जवळपास पाव हिस्सा गायब. एप्रिल 2020 मध्ये तर नोंदी आधीच्या निम्म्याहूनही खाली आल्या होत्या. एका महिन्यात टीबी अर्धा होत नसतो, तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं शरीरात दबून राहणारा आजार आहे, आज मास्क लावला तर त्याचा फायदा आकड्यात दिसायला खूप काळ जातो. फ्लूचं वेगळं, त्याला दोन-चार दिवस लागतात, तो मास्कने लगेच कमी झालेला दिसला. जगभर हेच चित्र होतं, 2019 मध्ये 71 लाख नवे पेशंट सापडले, 2020 मध्ये 58 लाख, आणि त्या वर्षी टीबीने होणारे मृत्यू दहा वर्षांहून जास्त काळानंतर पहिल्यांदा वाढले. पेशंट कमी आणि मृत्यू जास्त, यातच सगळं आलं. मग 2022 मध्ये एकदम 75 लाख सापडले, त्यात आधी राहून गेलेले कितीतरी होते. आपल्या देशात 2023 ची नोंद 25 लाखांच्या वर गेली.

आणि हे का झालं ते तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्हीच ते दिवस काढलेत. एसटी बंद, खाजगी दवाखाने बंद, टीबीचे कर्मचारी कोविडच्या संपर्कातली माणसं शोधायला, तुम्ही आशाताई "माझे कुटुंब माझी जबाबदारी" च्या सर्व्हेला, एका हातात तापमानाची गन आणि दुसऱ्या हातात ऑक्सिमीटर. टीबी शोधणाऱ्या ट्रुनॅट आणि सीबीनॅट मशीनवर कोविडचीही तपासणी होऊ शकते म्हणून तीच मशीन कोविडला लागली. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, तेव्हा हाताशी जे होतं ते वापरावंच लागलं, पण मशीन एक आणि आजार दोन झाल्यावर मागे कोण राहणार हे उघड होतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने सूचना काढली की टीबीच्या पेशंटची कोविडसाठी आणि कोविडच्या पेशंटची टीबीसाठी, अशी दोन्ही बाजूंनी चौकशी करा. सूचना चांगली होती. ती वाडीवस्तीपर्यंत किती पोचली हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

यात अजून एक गोष्ट होती, भीती. खोकला आहे म्हटलं की घरावर पट्टी लागेल, चौदा दिवस शाळेत नेऊन ठेवतील, मजुरी बुडेल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. लोकांनी खोकला लपवला. टीबीचा खोकला लपवला की तो घरात सगळ्यांना वाटला जातो, उपचार न घेतलेला एक पेशंट वर्षभरात पाच ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, आणि लॉकडाऊनमध्ये तर सगळे एकाच खोलीत, दार-खिडकी लावून. त्यात काम बंद, ताटात नुसता भात आणि मिरची. कुपोषण आणि टीबीचं नातं जुनं आहे. झारखंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले, टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना नीट धान्य-डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या तर घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं. इतका फरक नुसत्या जेवणाने! म्हणून निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला आहारासाठी मिळणारे सरकारी पैसे पेशंटच्या खात्यात येतायत का हे दर महिन्याला विचारत जा. आधी 500 होते, 2024 च्या नोव्हेंबरपासून महिना 1000 झालेत. खात्याला आधार जोडलेलं नाही, खातं बंद पडलंय, असल्या कारणांनी पैसे अडकून पडतात आणि पेशंटला वाटतं योजनाच बंद झाली.

द्राक्षाच्या कामाचं. छाटणीला टोळी निघायच्या आधी मुकादमाला विचारून कोणत्या गावात मुक्काम आहे ते लिहून घ्या आणि पेशंटचा निक्षय आयडी, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदीतला त्याचा नंबर, त्याच्या फोनमध्ये, शिवाय एका कागदावर, दोन्हीकडे लिहून द्या. तो आयडी दाखवून त्याचे उपचार तिथल्या सरकारी केंद्राकडे सोपवता येतात, नवा पेशंट म्हणून पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. तिथल्या आशाताईचा नंबर मिळाला तर निम्मं काम झालं. हेल्पलाइन 1800-11-6666, फुकट आहे. पेशंटला एवढंच ठसवा की लघवी लाल-केशरी होते म्हणून घाबरून गोळ्या सोडायच्या नाहीत, ते औषधाचं लक्षण आहे, आणि दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणूनही सोडायच्या नाहीत. अर्धवट सोडलेला टीबी परत येतो तेव्हा नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा होऊन येऊ शकतो.

प्रश्न : माझा नातू जून 2020 चा. जन्माच्या लसी झाल्या, पुढच्या मागेपुढे झाल्या, नवव्या महिन्याची गोवराची राहिलीच कारण तेव्हा दुसरी लाट होती, सून घाबरली. 2022 ला आमच्याकडे गोवर आला होता, त्याला नाही झाला. आता शाळेत कार्ड मागतात. एवढ्या उशिरा लस चालते का? (मालेगाव)

उत्तर : चालते आजी, उशीर झाला तरी चालते, फक्त आता अजून उशीर नको. गोवर-रुबेलाची लस सरकारी कार्यक्रमात नऊ ते बारा महिन्यांत पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी अशी असते, राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात देतात. तुमचा नातू पाचच्या पुढे गेलाय, तर बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) मिळेल, चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. जाताना कार्ड न्या, कारण डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) बूस्टर राहिला असेल तर तो सात वर्षांपर्यंतच देतात, ते वय अजून हातात आहे.

तुमची सून एकटीच घाबरली नव्हती हो. 2020 मध्ये जगात 2 कोटी 30 लाख मुलांच्या नेहमीच्या लसी चुकल्या, आपल्या देशात जवळपास 30 लाख बाळं अशी होती ज्यांना डीपीटीचा पहिला डोससुद्धा मिळाला नाही. मग 2022 च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, तुमच्या मालेगावात गोवर उसळला. गोवर इतका पसरतो की शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस असेल तरच तो थांबतो, थोडी फट राहिली की तिथूनच शिरतो. आणि गोवर फक्त पुरळ उठून जात नाही, शरीराने आधीच्या आजारांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्ती तो पुसून टाकतो, त्यामुळे गोवर झालेलं मूल पुढचे कित्येक महिने न्यूमोनिया, जुलाब यांना सहज बळी पडतं. घरात कुणाला गोवर आलाच तर "औषध द्यायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचा" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, जीवनसत्त्व 'अ' चे डोस लगेच द्यायचे असतात, डोळे आणि जीव दोन्ही वाचतात.

प्रश्न : कोविडच्या काळात डेंग्यू एकदम कमी झाला होता ना? आता दर पावसाळ्यात आमच्या सोसायटीत चार-पाच जण असतातच. (इंदिरानगर)

उत्तर : कागदावर कमी झाला. देशात 2019 मध्ये डेंग्यूची नोंद 1 लाख 57 हजार होती, 2020 मध्ये जेमतेम 44 हजार, आणि 2021 मध्ये 1 लाख 93 हजार. लोक कमी फिरले म्हणून थोडा खरा कमी झालाही असेल, पण ताप आला की एकच तपासणी व्हायची, ती निगेटिव्ह आली की माणूस घरी, डेंग्यूची केलीच नाही तर नोंद कुठून होणार. तुम्ही एवढंच करा, पावसाळ्यात ताप आला तर पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-वन ही रक्ततपासणी आणि त्यापुढे आयजीएम तपासणी, तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको. ताप उतरल्यावर पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, बेचैनी यातलं काही झालं तर प्लेटलेटच्या आकड्याची वाट न बघता दवाखाना गाठा. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचेच दोन दिवस जपायचे असतात. आणि गच्चीतल्या टाक्यांची झाकणं बघा.

प्रश्न : मी एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे, गाव छापू नका. लॉकडाऊनमध्ये औषध आणायला जाता आलं नाही, घरी सांगितलेलं नाही त्यामुळे कुणाला पाठवताही येईना. काही महिने गोळ्या बंद होत्या. नंतर सुरू केल्या, आता बरा आहे. त्या खंडाचं काही नुकसान झालं असेल का?

उत्तर : दादा, तुम्ही परत सुरू केल्यात हे फार बरं केलंत, कित्येक जण लाजेने परत सेंटरला गेलेच नाहीत, "रागावतील" म्हणून. नुकसान झालं का याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नाही, ते व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे तो आकडा, सांगतो. वर्षातून एकदा ती तपासणी सेंटरला फुकट होते, शेवटची कधी झाली ते कार्डावर बघा. लोड दबलेला असेल तर त्या खंडाची काळजी सोडून द्या. तो दबलेला नसेल तर गोळ्या नियमित होतायत का ते आधी बघतात आणि गरज पडली तर औषध बदलतात, मार्ग आहे.

मार्च 2020 नंतर नॅकोने, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संस्थेने, एका वेळी तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची मुभा दिली होती, खूप लोक त्याने तरले, पण ज्यांना गावातून शहरापर्यंत यायलाच वाहन नव्हतं त्यांचं काय. तेव्हापासून मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला सांगते की डबीत एक महिन्याच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढच्या आणा, संपायची वाट बघायची नाही. आणि ज्याच्याजवळ मन मोकळं करता येईल असं एक तरी माणूस ठेवा, घरचंच हवं असं नाही, सेंटरच्या समुपदेशक ताई चालतील. 1097 या एचआयव्हीच्या हेल्पलाइनवर फोन केलात तर नाव सांगावं लागत नाही. दर भेटीला खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम हे चार प्रश्न सेंटरमध्ये विचारले नाहीत तर तुम्हीच सांगा, कारण एचआयव्हीबरोबर टीबी लवकर येतो.

प्रश्न : घरात अझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या असतात, कोविडपासून सवयच लागली. खोकला झाला की तीन दिवसांचा कोर्स घेतो. चालतं ना? (नाशिकरोड)

उत्तर : नाही चालत. अझिथ्रोमायसिनचा कोविडमध्ये उपयोग नाही हे 2021 पर्यंत मोठ्या चाचण्यांतून स्पष्ट झालं होतं, सवय तेवढी मागे राहिली. लिव्होफ्लॉक्सासिन तर आणखी धोक्याचं, ते टीबीच्या जंतूला थोडं मारतं, खोकला तात्पुरता दबतो, थुंकीत जंतू सापडत नाही आणि निदान लांबतं. चिवट टीबीसाठी राखून ठेवलेल्या औषधांतलं ते एक आहे, घरच्या डब्यात ठेवायची वस्तू नाही.

प्रश्न : 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा येतोय. परत एखादी साथ आली तर तुम्ही म्हणता तसंच सगळं होणार का? (पंचवटी)

उत्तर : होऊ नये असं करता येतं, पण त्यासाठी आधी हे मान्य करावं लागेल की साथीत माणसं दोन रीतीने मरतात, साथीने आणि साथीमुळे. पश्चिम आफ्रिकेत 2014 ते 2016 मध्ये इबोलाने 11 हजारांच्या वर माणसं गेली, आणि त्या काळात दवाखाने ओस पडल्यामुळे मलेरिया, टीबी आणि एचआयव्हीने जास्तीची जी माणसं गेली त्यांचा अभ्यासकांनी मांडलेला अंदाजही जवळपास तितकाच आहे. 2020 मध्ये जगात मलेरियाने आदल्या वर्षीपेक्षा 69 हजार मृत्यू जास्त झाले आणि त्यातले दोन तृतीयांश सेवा विस्कळीत झाल्यामुळे. इबोलाचा धडा समोर असूनही हे झालं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मला विचाराल तर मी तीन-चार गोष्टींवर हटून बसेन. कितीही मोठी साथ येऊ दे, छातीच्या ओपीडीचं दार आणि टीबीची एक तरी मशीन दुसऱ्या कामाला लावायची नाही. ज्या सिस्टर आणि सुपरवायझर टीबीचे पेशंट नावानिशी ओळखतात त्यांना हलवायचं नाही, हलवायचंच तर बदली माणूस आधी. खोकल्याच्या पेशंटचं एकदा सॅम्पल घेताय ना, मग साथीच्या तपासणीबरोबर टीबीची तपासणीही त्याच फेरीत करा, गरीब माणूस दुसऱ्यांदा मजुरी बुडवून येत नाही. लसीकरणाचा वार चुकवायचा नाही, अंगणवाडी बंद असेल तर पारावर, मंदिराच्या ओट्यावर, पण वार तोच. सिंहस्थाच्या बंदोबस्तालाही आरोग्य खात्याची खूप माणसं लागतील, तेव्हा तालुक्यांतली नेहमीची कामं कोण बघणार याची यादी आत्तापासून हवी. साथ नसली तरी हे लागू आहे.

प्रश्न : मी आश्रमशाळेत शिक्षक आहे. सहावीतल्या एका मुलाच्या दंडावर फिकट चट्टा आहे, खाजत नाही, दुखत नाही. आई म्हणते कोविडच्या वेळी वडिलांनाही असाच होता, तेव्हा कुणी आलं नाही, आता त्यांची करंगळी वाकडी झालीय. हा नायटा असेल का? (पेठ तालुका)

उत्तर : सर, तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत. नायटा खाजतो. न खाजणारा, न दुखणारा फिकट किंवा लालसर चट्टा आणि घरात वाकडी झालेली करंगळी, यावर माझा पहिला संशय कुष्ठरोगाचा आहे. मुलाला डोळे मिटायला सांगा, कापसाच्या पिळाने किंवा बॉलपेनच्या बंद टोकाने आधी चांगल्या कातडीवर आणि मग चट्ट्यावर हलकेच स्पर्श करा आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. चट्ट्यावर कळलं नाही तर तपासणी लगेच हवी, आणि कळलं तरीही दाखवून घ्याच, लहान मुलांत संवेदना कधी शाबूत असते. हे वर्गात सगळ्यांसमोर करू नका.

जगात 2019 मध्ये कुष्ठरोगाचे 2 लाखांच्या वर नवे पेशंट सापडले होते, 2020 मध्ये 1 लाख 27 हजार, आणि आपल्या देशात 1 लाख 14 हजारांवरून 65 हजार. आशाताई घरोघर जाऊन अंग तपासायच्या ते थांबलं, आणि हा आजार दुखत नाही त्यामुळे पेशंट स्वतःहून येत नाही. मुलाच्या वडिलांसारखी माणसं त्या न सापडलेल्यांत असणार. चट्टा असताना औषध मिळालं असतं तर बोट वाकडं झालं नसतं.

पण औषध आजही आहे, पूर्ण फुकट, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाकीट मिळतं, पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने आणि त्याहून जास्त असतील तर वर्षभर. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण होण्याची भीती लवकरच संपते, मुलाला शाळेतून किंवा वसतिगृहातून घरी पाठवायचं काहीही कारण नाही, कुणी तसं म्हणालं तर तुम्ही आडवे उभे राहा. या आठवड्यात मुलगा, आई आणि वडील, तिघांनाही एकाच दिवशी केंद्रात घेऊन जा, बाकीच्या भावंडांची तपासणी तिथे सांगून ठेवा. वडिलांची करंगळी किती दिवसांपासून वाकलीय ते विचारून डॉक्टरांना सांगा, सहा महिन्यांच्या आतलं असेल तर गोळ्यांनी काही ताकद परत येऊ शकते, जुनं असेल तरी व्यायाम आणि ऑपरेशनची सोय आहे. आणि काय निघालं ते मला जरूर कळवा.